दाजींचा कोरडा मुक्काम

जगातल्या एकूण एक दुःखाचं मूळ ओलीत आहे, असं मनापासून मानणारा माणूस मी उभ्या आयुष्यात एकच पाहिला, आणि तो नेमका माझा साडू निघाला. माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे हे यजमान. बायको त्यांना दाजी म्हणे, म्हणून मीही दाजीच म्हणू लागलो. उंब्रजजवळ त्यांची उसाची शेती होती. गडी उंचापुरा, आवाज असा की बांधावरून हाक मारली की पलीकडच्या शिवारातले बैल थांबत. सापाची त्यांना भीती नव्हती, भुताची नव्हती, फौजदाराची तर नव्हतीच. भीती एकट्या ओलीची. कुणाला ताप आला, ओल बाधली. कुणाचं नवराबायकोत पटेना, भिंती वाळायच्या आत नव्या घरात राहायला गेले असणार. मी सांगलीला शाळामास्तर. आमच्याकडं मुलं गणितात फार नापास होतात, असं एकदा त्यांच्यापुढं बोलून गेलो. दाजींनी तोंडातला घास संपवला आणि शांतपणे विचारलं, "मास्तर, पोरं बसत्यात कशावर?" फरशीवर बसतात म्हटल्यावर पुढं बोलण्यासारखं काही आहे, असं त्यांना वाटलंच नाही.

आमच्या घरी ते मुक्कामाला आले की आधी भिंतींची तपासणी होई. प्रत्येक भिंतीला ते गाल लावून उभे राहत, डोळे मिटून, आणि मग कुठल्या भिंतीकडं पाठ करून झोपायचं ते ठरवत. गादीला तळहात लावून कळत नाही, हाताची पालथी बाजूच खरं सांगते, हे मला त्यांनी शिकवलं. बरोबर पत्र्याची एक ट्रंक असे. तिच्यात मेणकापडात गुंडाळलेलं धोतर, त्याच्यावर घोंगडीचा तुकडा, त्याच्यावर पुन्हा मेणकापड. काड्यापेटी तर एवढ्या डब्यांच्या आत असे की विडी ओढायची तलफ डबे उघडता उघडताच मरून जाई. थंडीच्या दिवसांत सकाळचं वर्तमानपत्र मला कधी ताजं मिळालं नाही, कारण ते दाजींच्या सदऱ्याखाली छातीवर असे. दुपारी ऊन वाढलं की ते काढून देत. लढाईच्या कितीतरी बातम्या मी अशा चुरगळलेल्या आणि कोमट वाचलेल्या आहेत.

माझ्या लग्नातही त्यांनी हात आखडता घेतला नाही. मांडवातली जमीन त्याच सकाळी सारवलेली होती. मी मुंडावळ्या बांधून पाटाकडं निघालो, तर दाजी मध्येच आडवे आले, वाकून जमिनीला हाताची पालथी बाजू लावली आणि भटजींना म्हणाले, "थांबा जरा." मग कुठून तरी दोन पोती आणून त्यांनी ती पाटाखाली दुहेरी घातली. भटजी मुहूर्ताच्या नावानं तळमळत होते. दाजी म्हणाले, "मुहूर्त काय, फुडचा बी यील. नवरदेवाच्या तळपायातनं ओल वर चढली तर आमची मेव्हणी जलमभर काढं करत बसंल." पोती गुळाची होती. सगळ्या मंगलाष्टका मी मुंग्यांच्या सोबतीनं ऐकल्या. पण खरं सांगायचं तर, त्या दिवशी एवढ्या गर्दीत माझ्या पायांचा विचार करणारा तो एकच माणूस होता, आणि माझं त्यांच्याशी जमलं ते तिथपासून.

पुढं लढाई सुरू झाली आणि दाजींचा एकुलता एक मुलगा पलटणीत जाऊन ब्रह्मदेशाकडं पोचला. तिकडं पाऊस म्हणजे काय असतो, ते गावात रजेवर आलेल्या कुणीतरी दाजींना सविस्तर सांगितलं. सांगायला नको होतं. त्या वर्षांत दाजींचं हे वेड हाताबाहेर गेलं. माणूस एका जागी बसेना. जेवताना उठून कौलं बघून येई, कीर्तनातून उठून गंजीवर पाचट घालून येई. घरातलं एक मोठं फडताळ त्यांनी घोंगड्या, इरली, मेणकापड आणि रबरी बुटांनी गच्च भरलं. आक्का, म्हणजे माझी मेहुणी, हे सगळं बघत असे आणि बोलत नसे. तिनं पालच्या खंडोबाला नवस केला होता, की पोरगं हातीपायी धड परत आलं तर जत्रेला जोडीनं येऊन तुझ्या पायाशी मुक्काम करीन.

पोरगं धड परत आलं. महिनाभर घरी राहून, आईच्या हातचं खाऊन पुन्हा नोकरीवर गेलं. नवस फेडायची वेळ आली, तेव्हा लढाईचं उरलंसुरलं सामान मिरजेच्या बाजारात विकायला येत होतं. त्यातला एक पलटणी तंबू दाजींनी उचलला. पालच्या जत्रेत माणसं आपापल्या बैलगाडीखाली झोपतात, नाहीतर नदीच्या वाळवंटात पाल ठोकतात. पलटणीचा तंबू घेऊन देवाला जाणारं कुटुंब तिथं कुणी पाहिलेलं नव्हतं. आक्काचे गुडघे थंडीत धरायचे, म्हणून तिला सोबत म्हणून माझी बायको आणि बायकोला सोबत म्हणून मी, असे आम्ही दोघंही गाडीत बसलो.

गाडी जुंपायच्या आधी ओसरीवर आक्का एकदाची बोलली. "आवं, माज्या अंगाला पान्याचा एक थेंब जरी लागला, तर परत आल्यावर त्ये फडताळ रिकामं करायचं. त्यो तंबू, त्ये बूट, समदं भाईर. माज्या लोणच्याच्या बरन्यास्नी जागा न्हाई घरात."

"आन न्हाई लागला तर?"

"तर जलमात म्या त्येचं नाव काडनार न्हाई."

"ठरलं," दाजी म्हणाले. पौष महिना, आभाळ कोरं. मला वाटलं, जिंकल्यातच जमा आहे. पण दाजी आभाळाकडं बघून हिरमुसले होते. त्यांना असा फुकटचा विजय नको होता.

पालला त्यांनी जागा निवडली ती नदीपासून चांगली लांब, उंचवट्यावर. देवळाचा कळस तिथून दिसायचा म्हणून आक्कानं हरकत घेतली नाही. तंबू उभा राहिला, भोवतीनं चर खणला गेला, आत उसाचं कोरडं पाचट गुडघाभर अंथरून त्यावर घोंगड्या पडल्या. दाराशी शेगडी. एका पोत्यात भाजलेल्या विटा, गरम करून पायाशी घ्यायला. मग दाजींनी आम्हा तिघांना ओळीनं बसवून नियम सांगितला. "पाऊस आला तर आतनं कापडाला हात लावायचा न्हाई. हात लागला की कापड तितं गळाया लागतं. बोट सुदिक लावायचं न्हाई." आम्ही माना डोलावल्या. बाहेर लख्ख ऊन पडलं होतं.

आणि तिसऱ्या प्रहरी आभाळ भरून आलं. वारा सुटला, नदीकाठची पालं फडफडायला लागली आणि मग जो पाऊस कोसळला तो मृगातही क्वचित पडतो. गारठा असा की दात वाजावेत. वाळवंटातली माणसं पोरंबाळं काखोटीला मारून वर पळायला लागली. दाजींचा चेहरा मी त्या वेळी पाहिला. लग्नघरात वऱ्हाड वेळेवर आल्यावर वधूपित्याचा होतो तसा तो झाला होता. ते दारात उभे राहून हाका मारू लागले, "या, हिकडं या, जागा हाय." माणदेशातून आलेली एक म्हातारी धनगरीण, तिच्या दोन सुना आणि त्यांची लेकरं अशी सगळी आत आली. त्यांना पाचटावर बसवून, विटा वाटून, दाजी बाहेर पळाले. दोर भिजून आवळत होते ते सैल करायचे होते, आणि चरात गाळ साचत होता. मला कंदील धरायला बरोबर घेतलं. मी घोंगडीची खोळ पांघरून कुडकुडत उभा होतो आणि दाजी चिखलात गुडघे टेकून खोऱ्यानं पाणी वाटेला लावत होते. नखशिखांत भिजलेले. ओलीला भिणारा हाच का तो माणूस, असा मला प्रश्न पडला.

तेवढ्या वेळात आत जे व्हायचं ते झालं. पाच बायका एका नव्या छपराखाली बसल्या होत्या. म्हातारीनं सहज विचारलं, "नवा हाय न्हवं तंबू? पुजला का?" पुजला नव्हता. नवं घर, नवी गाडी, साधा नवा नांगर असला तरी त्याला हळदीचं बोट लागतं, आणि इथं तर देवाच्या दारात मुक्काम. भंडारा हाताशीच होता. तो वाटीत पाण्यात कालवला गेला. बाहेरून थापे द्यावेत तर पावसात धुऊन जातील. म्हणून पाचही सवाष्णींनी, म्हातारीचा म्हातारा गाडीपाशी बैल धरून होता म्हणून तीही सवाष्णच, आतल्या बाजूनं कापडावर एकेक पंजा उमटवला. चांगला दाबून.

आम्ही आत आलो तेव्हा भिंतीवर पिवळे पंजे उमटलेले दिसत होते आणि प्रत्येक पंज्याच्या बोटांतून पाणी ठिबकत होतं. बायका एकमेकींकडं बघत होत्या. माझी बायको माझ्याकडं बघेना. आक्का आपल्या पंज्याला पाठ लावून, घोंगडी गळ्यापर्यंत ओढून बसली होती. मला वाटलं, आता दाजी फुटणार.

दाजींनी धोतराला हात पुसला, पहिल्या पंज्यापाशी गेले आणि जिथून पाणी गळत होतं तिथं बोट टेकवून ते कापडावरून थेट खाली जमिनीपर्यंत ओढत नेलं. ठिबकणं थांबलं. पाणी त्या बोटाच्या रेघेवरून गुपचूप खाली उतरलं आणि कापडाखालून चराकडं गेलं. लेकरं डोळे विस्फारून बघायला लागली. दाजींनी दुसरी रेघ ओढली, तिसरी ओढली, चौथी ओढली. पिवळं पाणी रेघेरेघेनं खाली चाललं होतं.

"कुनी शिकिवलं बाबा ह्ये तुला?" म्हातारीनं विचारलं.

"पोरानं," दाजी म्हणाले. "लढाईत हुता. असल्याच तंबूत दोन पावसाळं काडलं त्यानं. आमी हितं कौलाखाली कोरडं, आन त्यो तकडं. झोप न्हाई लागायची मला. म्हनून आनला ह्यो. म्हनलं, आपुन बी बगावं एक डाव, कसं ऱ्हायलं आसंल लेकरू."

तंबू का आणला हे त्यांनी घरात कुणाला सांगितलं नव्हतं, आक्कालाही नाही. ती त्यांच्याकडं बघत राहिली. मग दाजींना एकदम पैज आठवली. सगळ्या तंबूभर नजर फिरवून ते तिच्यापाशी थांबले.

"तुला थेंब लागला का गं?"

"न्हाई," आक्का म्हणाली.

"खरं सांग. ठरलंय आपलं."

"कवाधरनं सांगतीया, कोरडी हाय मी. लय ऊब हाय हितं. तुमी आदी त्ये धोतर बदला आन बसा."

ट्रंकेतलं मेणकापड सुटलं. कोरडं धोतर नेसून, पायाशी गरम वीट घेऊन दाजी आक्काशेजारी पाचटावर टेकले. वर पाऊस वाजत होता. देवळाकडून येळकोटाचा गजर येत होता, भिजलेला आणि तरीही दणदणीत. दाजी एकदाही उठले नाहीत. दोर बघायला नाही, चर बघायला नाही. हात मांडीवर ठेवून, पोटभर जेवलेल्या माणसासारखे स्वस्थ बसून होते. माझ्या बायकोनं सहज म्हणून आक्काच्या पाठीवर घोंगडीआतून हात ठेवला आणि लगेच काढून घेतला. पुढं घरी आल्यावर तिनं मला सांगितलं, की पाचव्या पंज्यातलं सगळं पाणी आक्काच्या पाठीवरून जात होतं. चोळी पिळून काढावी इतकी भिजली होती.

परतताना आक्काला सपाटून सर्दी झाली. दाजींनी गाडीतच निदान केलं, की खंडोबाच्या गाभाऱ्यात ओल आहे आणि पुजाऱ्यांशी एकदा बोललं पाहिजे. आक्का शिंकत शिंकत म्हणाली, "आसंल."

दाजींना जाऊन आता बरीच वर्षं झाली. पालला आपण जिंकलो, याच आनंदात ते गेले. येईल त्या पाहुण्याला ते ही हकीकत ऐकवत आणि शेवटी आक्काकडं बोट दाखवून म्हणत, "इच्यारा हिलाच." ती मान हलवे. ते होते तोवर मी तिला कधी काही विचारलं नाही. गेल्या खेपेस ओसरीवर आम्ही दोघंच बसलो होतो तेव्हा न राहवून विचारलं, की आक्का, त्या दिवशी तू खरं का सांगितलं नाहीस?

ती म्हणाली, "मास्तर, पोरगं लढाईवर गेल्यापास्नं त्यो मानूस एका जागी म्हनून बसला नव्हता. तवा बसला. पाचवी रेघ वढाया पुन्ना उठला आसता की वो."