सात नंबरची इमेज

बायको गेल्यावर लोक म्हणतात, घरी फोटो आहे ना. आहे. पुतण्याच्या लग्नातला. त्यात ती तोंड मिटून उभी आहे. ती बाई जिंदगीत कधी तोंड मिटून उभी राहिली नाही, म्हणून तो फोटो मले चालत नाही. मले तिचा आवाज पाहिजे होता, आणि तो एकाच ठिकाणी होता.

मी सातवी शिकलो. तालुक्याच्या कॉलेजात शिपाई म्हणून लागलो, कॉम्प्युटरच्या खोलीवर मले टाकलं, तिथूनच रिटायर झालो. खोली उघडायची, झाडू मारायचा, मशीनी चालू करायच्या, आणि वर्षातून दोनदा इमेजचं काम. इमेज म्हणजे फोटो नव्हे. मशीनच्या पोटात जे काही आहे त्याची सगळीच्या सगळी नक्कल. ती सर्व्हरवर ठेवायची. मशीनमध्ये व्हायरस शिरला, पोरांनी कचरा केला, की चांगल्या वेळची नक्कल तिच्यावर परत टाकायची. मशीन होती तशी होते. मधात जे जमा झालं ते सारं जाते.

म्हणून जुन्या सरांनी मले एक नियम घालून दिला होता. सुट्टी लागली की मशीन कशीही असो, पहिले तिची इमेज काढायची आणि मग जुनी तिच्यावर टाकायची. कोणाचं काही आत राहिलं असलं तर काढलेल्यातून भेटते. हे मी वहीत लिहून ठेवायचो. कोणती मशीन, केव्हा, काढली का टाकली. बायको हसायची. म्हणे, "पोरायच्या मशीनी चाटून पुसून ठेवता जी, घरी सोताचं ताट उचलवत नाई."

एका श्रावणात ती डबा घेऊन कॉलेजात आली. आमच्या सानगडीकडून बसनं यायची. धानाचं रोवणं, म्हणजे लावणी, नुकतं आटोपलं होतं, हाताच्या चिरा भरल्या नव्हत्या. कॉलेजात मराठी शिकणारी एक पोट्टी धानाच्या शेतीतले जुने शब्द गोळा करून राहिली होती. तिनं हिले सात नंबरच्या मशीनसमोर बसवलं, डोक्याला हेडफोन लावला, माइक तोंडापुढं केला.

"याच्यात माझं तोंड नाई ना दिसत?" बायको म्हणाली.

"नाही काकू, फक्त आवाज."

"मंग ठीक आहे. आंघोळ करून नाई आली मी."

पोट्टी विचारत गेली, ही सांगत गेली. रोपांचे पऱ्हे कसे टाकायचे, शेताची बांधी कशी चिखलायची, रोवताना पाय कसा मागं घ्यायचा. बोडीचं, म्हणजे लहान तळ्याचं, पाणी कोणी पहिले घ्यायचं यावर आंधळगावच्या तिच्या माहेरी काय भांडण झालं होतं, ते कोणी विचारलं नव्हतं तरी सांगितलं. मधात मी एक शब्द सांगायले गेलो, तर म्हणते, "तुमी चूप बसा जी. तिनं मले विचारलं. तुमी कधी वाकले बांधीत?" पोट्टी हसली, ही पण हसली. ते सगळं मशीननं घेतलं. माझी बोलती बंद केलेली पण घेतली.

पोट्टीनं त्यावरून शब्द टाईप केले, कागद काढून कॉलेजात जमा केले. आवाज मशीनमध्येच राहिला. आवाजाचं काय करायचं असते, तेव्हा कोणालेच सुचलं नाही.

दिवाळीच्या सुट्टीत सात नंबरमध्ये व्हायरस निघाला. त्याच दिवसांत बायकोले ताप यायले लागला होता, उतरे आणि परत चढे. पुढच्या उन्हाळ्यात ती गेली. रोग सांगून काय फायदा, गेली.

तेराव्यानंतर मी कामावर गेलो, पहिले सात नंबर चालू केली. आवाज नव्हता. नसणारच, दिवाळीत मीच जुनी इमेज टाकली होती. पण वही काढली तर दिवाळीच्या पानावर माझ्याच अक्षरात होतं, सात, काढली. म्हणजे सर्व्हरवर ती आहे.

जुने सर बदलून गेले होते. नवीन सर नागपूरचे, चाळिशीचे, माणूस बरा. त्यांनी सांगितलं, "काकाजी, या सर्व्हरची डिस्क कमजोर झाली आहे. आता छेडली तर सगळंच बसेल. नवीन सर्व्हर आला की सगळ्या इमेज एकदमच काढू, तेव्हा तुमची पाहू." मग मी वाट पाहिली. मी रिटायर झालो. सात नंबर भंगारात गेली. नवीन सर्व्हर काही येईना. तोवर तिचा आवाज माझ्या डोक्यातून पातळ होत गेला. ती काय बोलायची ते सारं आठवे, पण ते माझ्याच आवाजात.

यंदा सरांचा फोन आला. "काकाजी, सर्व्हर आला. तुमची वही घेऊन या. इथं कोणती इमेज कशाची आहे, कोणाले कळून नाही राहिलं."

मी वही प्लास्टिकच्या थैलीत घातली आणि पहिल्या बसनं गेलो. जुना सर्व्हर घरघर करत होता, नवीन बाजूले मुका उभा. मी वहीतून वाचायचो, सर ती इमेज शोधून इकडून तिकडं न्यायचे. दोन तर मधातच अडकल्या. सर म्हणाले, "गेल्या या."

मी म्हटलं, "सर, पहिले सात नंबरची घ्या."

"क्रमानं जाऊ ना."

"तोवर मेला तर हा?"

त्यांनी माझ्याकडं पाहिलं आणि सात घेतली. पडद्यावर पट्टी हळूहळू भरत होती. सर चहाले गेले, मी गेलो नाही. पट्टी भरली. एक अक्षर खराब झालं नाही.

सरांनी ती उघडली. आत फोल्डर, पोरांची नावं, कोणाचं काही, कोणाचं काही. पोट्टीचं फोल्डर दिसेना. सरांनी सगळीकडं शोधलं. 

"काकाजी, इमेज दिवाळीचीच आहे. पण आतली शेवटची फाईल उन्हाळ्याची आहे. श्रावणातलं काहीच नाही."

"असं कसं होईन?"

"पहिले जुनी टाकली असेल तुम्ही. आणि मग काढली."

मी म्हणणार होतो, नाही, पंचवीस वर्षं नियमानं केलं. पण तेवढ्यात मले तो दिवस दिसला. शेजाऱ्याच्या मोबाईलवरून तिचा फोन आला होता. "अजी, या न लवकर. मले उभं राहवत नाई." सतरा मशीनी झाल्या होत्या, सात तेवढी राहिली होती. मी घाईत पहिले जुनीच तिच्यावर टाकली. मग नियम आठवला, तर काढून पण घेतली, वहीत लिहिलं, आणि बस धरायले पळालो. घरी पोहोचलो तर ती खाटेवर उठून बसली होती. म्हणाली, "इतकं धावत कायले आले?"

"सर, खाली दबून काही राहिलं असन?"

"टाकलेली इमेज वरून सगळं झाकते काकाजी. आणि ती मशीनही आता नाही."

  सरांनी विचारलं, "ही सातची ठेवू का नवीनवर?"

"कायले? मशीन भंगारात, आत कोणी नाही."

"मग काढून टाकतो."

"टाका."

त्यांनी काढून टाकली. बाकीच्या इमेज राहिल्या होत्या, मी वाचत गेलो, ते नेत गेले. काम अर्धं सोडून उठायची मले सवय नाही. संध्याकाळच्या बसच्या आधी सगळं आटोपलं. जुन्या सर्व्हरची तार सरांनी काढली तेव्हा घरघर थांबली. वही मी तिथंच ठेवून आलो, त्यांच्या कामाची होती.

ती पोट्टी आता लग्न होऊन चिखल्याले राहते. मी सर्व्हरचं तिले आधी सांगून ठेवलं होतं, म्हणून तिचा फोन आला. "काकाजी, सापडलं का?"

"नाही."

 मी म्हटलं, "तुले आठवते का तिचा आवाज? कसा होता?"

 "काकू हसत होत्या," म्हणाली. "तुम्हाले चूप बसा म्हणाल्या होत्या."

"ते मलेही मालूम आहे," मी म्हटलं आणि फोन ठेवला.