आमचे साडू आणि घर विकायचा महिना

योग्य वेळेची वाट पाहण्यात आमच्या साडूंचा हात धरणारा माणूस अख्ख्या पनवेल तालुक्यात सापडायचा नाही, आणि ती वेळ दारात आली की तिला तशीच परत पाठवण्यातही. साडू म्हणजे आमच्या हिच्या थोरल्या बहिणीचे, ताईंचे, यजमान. तळोज्याच्या एका कारखान्यात तीस वर्षं टाइमकीपर होते. गेटवर बसून कोण किती मिनिटं उशिरा आला ते लिहायचं, एवढंच काम. निवृत्त झाल्यावर लिहायला माणसं उरली नाहीत, तेव्हा त्यांनी ऋतू, सण, रंगारी आणि आंबे यांच्या वेळा लिहायला घेतल्या. छत्री ते थंडीत घेतात, स्वेटर मे महिन्यात. हापूस भाव पूर्ण उतरल्याशिवाय घ्यायचाच नाही, त्यामुळे त्यांच्या घरी वर्षाचा पहिला आंबा येतो तेव्हा बाजारातला शेवटचा संपत आलेला असतो. तो कापला की आत हमखास अळी निघते. आणि त्या अळीकडे बघत हा माणूस म्हणतो, "जरा आणखी थांबायला हवं होतं." आता याला काय म्हणावं?

अशा माणसानं एके दिवशी जाहीर केलं की आपण घर विकणार. त्याला आता बरीच वर्षं झाली. घर पनवेल गावातच, तिसऱ्या मजल्यावर, आणि इमारतीला लिफ्ट नाही. अगदीच नाही असं म्हणता येणार नाही. लिफ्टची जागा आहे. बिल्डरनं पुढच्या वर्षी बसवतो म्हणून सांगितलं होतं. त्या चौकोनी खड्ड्यात आज जुन्या सायकली, सोसायटीच्या गणपतीचं मखर आणि कुणाचा तरी मोडका कूलर गुण्यागोविंदानं नांदतात. ते घर साडूंनी ऐन उन्हाळ्यात, एका दुपारीत पसंत करून टाकलं होतं. आयुष्यात घाई केली ती तेवढी एकदाच. जूनमध्ये पश्चिमेची भिंत वरपासून खालपर्यंत ओली झाली, आणि त्या दिवशी त्यांनी कानाला जो खडा लावला तो लावलाच.

विकायचं कारण म्हणजे ताईंचे गुडघे. डॉक्टरांनी जिने बंद सांगितले होते. मुलगी कामोठ्याला राहते, तिच्या शेजारच्याच इमारतीत लिफ्टवालं घर बघूनही ठेवलं होतं. हे विकायचं, ते घ्यायचं आणि ताईंनी रोज संध्याकाळी खाली उतरून भाजीवाल्याशी समोरासमोर भांडायचं, एवढाच सगळा बेत होता. यात वर्षानुवर्षं घालवण्यासारखं काय आहे, हे मला आजही कळलेलं नाही.

पण साडूंचं म्हणणं असं, की घर विकायचं म्हणजे मुलगी दाखवण्यासारखं आहे, चेहरा उतरलेला असताना कोण दाखवतं? मग त्या घराचा चेहरा कधी खुलतो याचा त्यांनी अभ्यास मांडला. स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर रोज बारीक अक्षरात नोंद व्हायची. "भिंत ओली." "नळाला पाणी चाळीस मिनिटं." "सुळका स्पष्ट." हा सुळका कर्नाळ्याचा, त्यांच्या बेडरूमच्या खिडकीतून दिसतो, आणि गिऱ्हाईक येईल तेव्हा तो दिसलाच पाहिजे हा त्यांचा हट्ट. तेव्हा एप्रिल-मे बाद, कारण टँकर येतो आणि हवा धुरकट असते. पावसाळा भिंतीमुळे बाद. गणपतीत निम्मं पनवेल कोकणात आणि उरलेलं पळस्प्याच्या ट्रॅफिकमध्ये, घर बघायला येणार कोण? पितृपक्षात तर घर विकण्याचं नावही काढायचं नाही. मी एकदा काढलं तर त्यांनी मला तोंड धुऊन यायला लावलं. नवरात्रात घट बसलेले, परक्यांची ये-जा नको. दिवाळीला रंग ओला. पौषात कुणी नवं काही करत नाही. फेब्रुवारी-मार्चमध्ये मुलांच्या परीक्षा. मी बोटं मोजत बसलो, तर दहा बोटं पुरली नाहीत आणि शेवटी एकच महिना उरला, मार्गशीर्ष.

मार्गशीर्षात त्या घराला खरंच दृष्ट लागावी. बाल्कनीत नऊ-साडेनऊपर्यंत कोवळं ऊन, भिंत खडखडीत वाळलेली, खिडकीत सुळका असा, की हात लांब केला तर लागेल. साडू सकाळी चहाचा कप घेऊन त्या उन्हात बसायचे, एकदा भिंतीवरून हात फिरवायचे आणि म्हणायचे, "असं घर विकायचं? वेडा आहे का मी?" झालं. म्हणजे अकरा महिने घेणारा नाही आणि बाराव्या महिन्यात विकणारा नाही. कप्पाळ माझं! त्यात विमानतळाची भर. आधी विमानतळ होईपर्यंत थांबू, भाव चढेल; आणि विमानतळ होत आला तर म्हणे विमानं उडू द्या, जरा आवाजाचा अंदाज येऊ द्या. तिकडे उलव्यात रिकाम्या जमिनीवर मजल्यांवर मजले चढले, माणसं राहायला आली, आणि आमचे साडू अजून कॅलेंडरात बघतायत.

ताई काही बोलायच्या नाहीत. त्यांनी बाल्कनीतून दोरी बांधून एक कापडी पिशवी खाली सोडली होती. भाजीवाला हाक मारायचा, पिशवी खाली जायची, मेथी वर यायची, आणि कोथिंबिरीसाठीचं भांडण तीन मजले खाली-वर चालायचं. पहिल्यांदा मला त्याची गंमत वाटली होती. मग एकदा सहज विचारलं, खाली शेवटच्या कधी उतरला होता, तर त्यांना आठवावं लागलं. त्या दिवशी माझं डोकं सणकलं. तुम्हाला घर विकायचंय की नाही ते एकदा सांगा, म्हणून मी साडूंवर चक्क ओरडलो. ते शांतपणे म्हणाले की विकायचंय, पण पुन्हा फसायचं नाही. ताई वाटाणे सोलत होत्या. मान वर न करता त्या म्हणाल्या, "घराचा चेहरा बघताय ना, बघा. माझ्या गुडघ्यांचाही एखादा महिना काढून ठेवा." त्यानंतर मी तो विषय महिनाभर काढला नाही.

त्याच वर्षी, ऐन पितृपक्षात, एक गिऱ्हाईक आपल्या पायांनी चालत आलं. मूळचे उरणकडचे, पंधरा-वीस वर्षं दुबईत काढून परतलेले मुसलमान गृहस्थ. मी तिथंच होतो. त्यांनी ओली भिंत पाहिली, हातानं दाबून पाहिली, हसले आणि म्हणाले, प्लास्टर करून घेऊ, त्यात काय. सुळका ढगात होता, त्याची त्यांनी चौकशीसुद्धा केली नाही. साडूंनी पंधरवड्याची अडचण सांगितली. त्यावर ते अदबीनं म्हणाले, "काका, पितृपक्ष तुमचा, पण घेणार तर मी ना? मला कुठलाही दिवस मुबारक आहे. उद्या बयाणा देतो, इन्शाअल्ला दिवाळीआधी तुम्ही काकींना घेऊन मोकळे." ताई आतल्या दारात भिंतीला धरून उभ्या होत्या. त्यांचा चेहरा मी पाहिला, म्हणून सांगतो, तो महिना त्यांच्या गुडघ्यांचा होता. साडूंनी गृहस्थांना चहा पाजला, दसऱ्यानंतर या म्हणाले आणि जिन्यापर्यंत पोचवायला गेले. दसऱ्याआधीच त्या गृहस्थांनी कामोठ्यात दुसरं घर घेतलं.

मार्गशीर्ष आला. या खेपेला साडू हलले होते, हे मान्य करायला हवं. येत्या रविवारी दोन गिऱ्हाइकं बोलावली होती, बाल्कनीतल्या कुंड्यांना गेरू लावला होता. शुक्रवारी सकाळी ताईंच्या छातीत दुखायला लागलं. मी पोचलो तेव्हा अँब्युलन्स खाली उभी होती. ती वेळेवर आली होती हो, अगदी वेळेवर. वेळ गेला तो जिन्यात. प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसवून चौघांनी ताईंना उतरवलं, प्रत्येक वळणावर खुर्ची आडवी व्हायची, पुन्हा मागे घ्यायची, पुन्हा वळवायची. साडू पुढे उलटे चालत, हळू, हळू, म्हणत होते. खाली आल्यावर ताईंनी डोळे उघडले. समोर त्यांची पिशवी लोंबकळत होती, सकाळच्या भाजीसकट. त्या साडूंना म्हणाल्या, "मेथी वर घ्या. उन्हात कोमेजेल." दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं संपलं होतं.

त्यानंतर मी साडूंशी घराबद्दल एक अक्षर बोललो नाही. खरं सांगायचं तर मला त्यांचा रागच होता. तेराव्याला त्यांच्या पानाशेजारी बसलो, पण त्यांच्याकडे बघवेना. ते महिन्याच्या महिन्याला कॅलेंडरचं पान उलटायचे म्हणे, लिहायचे मात्र काही नाही. वर्षश्राद्ध झालं. पुढच्या पितृपक्षात अविधवा नवमीला त्यांचा फोन आला, सवाष्ण म्हणून ताईंच्या धाकट्या बहिणीनंच जेवायला यावं, आणि तुम्हीही या.

तीन जिने चढून गेलो. मुलीनं स्वयंपाक केला होता. हिनं पानावर बसून दोन घास कसेबसे घेतले आणि साडूंनी मुलीकडून हिची ओटी भरवली, ताईंच्याच एका नव्या लुगड्यानं. घडीसुद्धा मोडलेली नव्हती. कामोठ्याला गेल्यावर नेसायचं म्हणून ताईंनी ठेवलं होतं. हिला रडू आवरेना. जेवणं आटोपली तोच बेल वाजली आणि दारात ते दुबईचे गृहस्थ. त्यांच्या धाकट्या भावाला घर हवं होतं, आणि साडूंनी स्वतः फोन करून आज बोलावलं होतं. आज! मी हिच्याकडे बघितलं, हिनं माझ्याकडे.

साडू त्यांना आधी ओल्या भिंतीकडे घेऊन गेले. ही गळते, उन्हाळ्यात टँकर लागतो, लिफ्ट बसणार नाही, सगळं आपल्या तोंडानं सांगितलं. सुळका ढगात होता, त्याचं नावही काढलं नाही. बोलणं पाच मिनिटांत संपलं. बयाण्याचं पाकीट त्यांनी ताईंच्या फोटोसमोर ठेवलं. त्या गृहस्थांना राहवलं नाही. त्यांनी विचारलं की काका, तेव्हा तर हे दिवस चालत नाहीत म्हणाला होता.

"तेव्हा या दिवसांत आमच्याकडे कुणी येत नव्हतं," साडू म्हणाले. "आता ती येते. तिच्यासमोरच झालेलं बरं."

ते गेल्यावर मी साडूंच्या शेजारी बाल्कनीत जाऊन बसलो. दोरी अजून कठड्याला बांधलेली होती. इतक्या वर्षांचा राग काढायचा तर हीच वेळ होती. मी एवढंच विचारलं, आता तुम्ही एकटे, कामोठ्याला घर घेऊन काय करणार, मुलीकडेच राहा की. साडूंनी दोरीची गाठ सोडायला घेतली होती. इतक्या वर्षांची गाठ, ती काही सुटत नव्हती.

"नाही, लिफ्टवालंच घ्यायचं," ते म्हणाले. "पुढच्या नवमीला ती येईल ना. दर वर्षी तिला तीन जिने कसे चढायला लावू?"

मी पुढे होऊन गाठीला हात लावला.