आधी ताबा, मग पावती

चौकातल्या खुर्च्यांच्या दुकानदाराला सगळा बाजार 'ताबेवाले' म्हणे. जो माल आपल्या ताब्यात नाही तो विकायचा नाही आणि मालातली खोट लपवायची नाही, हे धर्माचे दोन नियम त्यांनी वडिलांकडून घेतले आणि तीस वर्षे पाळले. दुकान मात्र दहा बाय बाराचेच राहिले.

एका मंगळवारी शाळेच्या मुख्याध्यापिका आल्या. नमुन्याच्या खुर्चीवर ऐसपैस बसून म्हणाल्या, "अशा पन्नास हव्यात. शनिवारी कार्यक्रम आहे. आत्ताच पावती फाडा."

वर्षातली सर्वांत मोठी मागणी. ताबेवाले म्हणाले, "बाई, माल ठोक व्यापाऱ्याच्या गोदामात आहे. माझा झाल्याशिवाय मी विकू कसा?"

"पलीकडचे दुकानदार विकतील की."

"विकतील. तुम्ही गुरुवारी पाचला माझ्या घरी या, खुर्च्या बघा. नाही पटल्या तर तुम्ही मोकळ्या."

"गुरुवारपर्यंतच थांबेन हं," बाईंनी बजावले.

बुधवारी ताबेवाल्यांनी पन्नास खुर्च्या विकत घेतल्या. दुकानात जागा नव्हती, म्हणून त्या घरी आल्या. स्वयंपाकघर, जिना, पलंग, सगळीकडे खुर्च्याच. बायको दारातच थबकली.

"अहो, खुर्च्यांनी घरात राहायचं आणि आपण दुकानात, असं ठरलंय का?"

"दोनच दिवस."

"कपाटांच्या वेळीही हेच म्हणाला होतात."

सासूबाई मात्र खूश. त्यांचे गुडघे दुखत. आता दर दोन पावलांवर बसायची सोय झाली. संध्याकाळपर्यंत त्या सगळ्या खुर्च्यांवर बसून आल्या. "जावईबापू, स्वयंपाकघरातल्या चार आणि जिन्यातल्या तीन डुलतात."

ताबेवाल्यांनी उलट्या करून पाहिल्या. पायांचे सांधे कच्चे होते. त्यांनी व्यापाऱ्याला फोन लावला. बदली खुर्च्या शुक्रवारी दुपारी येणार होत्या.

"मागच्या रांगेत ठेवल्या तर कोणाला कळतंय?" बायकोने हसू दाबत विचारले.

गुरुवारी बाई आल्या. त्या बसायच्या आतच ताबेवाले म्हणाले, "सात खुर्च्यांत खोट आहे. बदली उद्या येतील. आज पावती त्रेचाळीसचीच होईल."

बाई जिन्यातल्या एका खुर्चीवर टेकल्या. खुर्ची कलली, बाईंनी कठडा धरला. "प्रमुख पाहुणे आडवे झाले असते की," त्या हसत म्हणाल्या. "शोधल्या कोणी?"

सासूबाईंनी हात वर केला.

"त्रेचाळीसची पावती फाडा. बाकीच्या, यांनी बसून पाहिल्यावर."

शुक्रवारी बाई टेम्पो घेऊन आल्या. नव्या सातही खुर्च्यांवर सासूबाई बसल्या. सातवीवरून उठेचनात.

"ही मी ठेवते."

"अम्मी, ती शाळेची आहे," ताबेवाले म्हणाले.

"विकलीत का?"

ताबेवाल्यांनी हातातल्या कोऱ्या पावतीकडे पाहिले. "नाही अजून."

"मग?"

बायको पदराआड हसू लागली. बाईही हसल्या. "त्यांना राहू द्या. दुकानातला तो नमुना द्या. त्यावर मी आधीच बसून पाहिलंय."

ताबेवाल्यांनी सात खुर्च्यांची पावती फाडली, आणि तो नमुना आणायला स्वतः दुकानाकडे निघाले.