नको म्हणून मागितलेली नात

आमच्या शेळगावात घटस्फोटाचा कायदा सगळ्यांना तोंडपाठ आहे. तो कुठल्या देशाचा आहे तेवढं कुणाला माहीत नाही.

हे मला कळलं ते माझ्या मुलाचा संसार मोडायला लागला तेव्हा. माझी पिठाची गिरणी आहे. दळण टाकायला आलेली बाई दळण होईपर्यंत जाणार कुठं? ती बसते आणि बोलते. गिरणीच्या आवाजात बोलायचं म्हणजे ओरडावंच लागतं, त्यामुळं माझ्या घरातली भानगड पार एसटीच्या थांब्यापर्यंत ऐकू जायची. एक म्हणाली, "सात वर्सं लांब ऱ्हायलं की लगीन आपोआप मोडतं. काय बी करावं लागत न्हाय." दुसरी म्हणाली, "कशाला सात वर्सं? शंभराच्या स्टॅम्पवर लिहायचं, नोटरीचा शिक्का मारायचा, दोघं बी मोकळी." तिसरी तर उठून उभीच राहिली. "पोरगी पाच वर्साच्या वर गेली न्हवं? मग ती आता बापाची! कायदाच हाय तसा."

हे शेवटचं ऐकून मला एवढा आनंद झाला की मी कुणाच्या तरी गव्हात दुसरीची ज्वारी ओतली.

कारण नात सहा वर्षांची होती. सून बारामतीला एका कंपनीत शिफ्टनं कामाला जायची आणि पोरीला घेऊन तिथंच खोली करून राहिली होती. मुलगा आमच्याकडं. दोघांचं का पटलं नाही ते मला विचारू नका. दोघंही चांगली माणसं आहेत, पण एका घरात ठेवली की पाच मिनिटांत आवाज चढलाच म्हणून समजा. मोडतंय तर मोडू दे, रोज मरण्यापेक्षा बरं, असं माझं स्पष्ट मत होतं. मला फक्त नात हवी होती. ती पोर माझ्या गिरणीत वाढली. संध्याकाळी केसापासून पायापर्यंत पिठानं पांढरी होऊन घरात यायची आणि "आज्जे, मी म्हातारी झाले बघ" म्हणायची. ती आता कायमची जाणार होती.

मग आम्ही बारामतीला वकिलाकडं गेलो. मी, मुलगा आणि आमचे हे. ह्यांनी सगळ्या गावाचं ज्ञान बरोबर आणलं होतं. वकिलांनी चहा पितापिता सगळं ऐकून घेतलं.

"सात वर्षांचं आहे ना, ते बेपत्ता माणसाचं," ते म्हणाले. "तुमची सून इथं दोन गल्ल्या सोडून राहते. आणि स्टॅम्पपेपर आणलाच असेल तर घरी न्या, पापड वाळवायला बरा."

"आन् पाच वर्साचं?" मी विचारलं.

"पाचाच्या आतलं लेकरू शक्यतो आईकडं ठेवतात, इतकंच. त्यापुढं ते बापाचं होतं असं कुठंही लिहिलेलं नाही. लेकराचं भलं कशात आहे ते कोर्ट बघतं."

ह्यांनी तोफ काढली. "सून कमावती हाय. मग पोटगी कशाची?"

"तिच्या पोटगीचं कोर्ट ठरवेल. पण तुमच्या नातीचा खर्च बापाला चुकत नाही."

"मग केस आमच्या इंदापूरला चालवा. हितं बारामतीला चकरा कोण मारणार?"

"बायको जिथं राहते तिथं तिला केस करता येते, आबा."

"म्हंजी सगळं तिचंच!" असं म्हणून हे तोंड फिरवून भिंतीवरच्या कॅलेंडरकडं बघत बसले. मुलगा तर आल्यापासून मोबाइलमध्ये घुसला होता.

मी म्हटलं, "आन् आजीचं काय?"

"आजीचं काय म्हणजे?"

"आजीला नात मिळती का?"

बापाला महिन्यातले दोन शनिवार भेटायला मिळतील, वकील म्हणाले. आजीचा वेगळा असा हक्क कायद्यात लिहून ठेवलेला नाही. मागून बघता येईल, एखादं कोर्ट देतंही, पण त्यात वर्षं जातील आणि तोवर पोरगी मोठी होईल. "मात्र दोन्ही बाजू कबूल असतील," ते म्हणाले, "तर आपसातल्या करारात तुम्हाला हवं ते लिहून घेता येतं."

आता दोन्ही बाजू म्हणजे कोण, तर एका बाजूला आमचे हे आणि दुसऱ्या बाजूला सुनेचा भाऊ. भाऊ निरवांगीचा, ऊसवाला, आणि आवाजानं माझ्या तोडीचा. या घराला काही म्हणजे काही मिळू द्यायचं नाही, असा त्यानं विडाच उचलला होता. आमच्या ह्यांनीही तसाच उचलला होता. सुनेनं बारामतीच्या कोर्टात केस घातली, कोर्टानं आम्हाला मध्यस्थीसाठी बसवलं, तर दोन तारखा एका लोखंडी कपाटावर गेल्या. ते कपाट सुनेनं लग्नात आणलेलं. ते तिचंच, वकिलांनीही तसं सांगितलं. पण हे म्हणायचे, देणार न्हाय. आणि त्याचं दार लागत नाही म्हणून आमच्याकडं त्यात कोण काही ठेवतही नव्हतं! डोकं फुटायची वेळ आली माझ्यावर.

दुसऱ्या तारखेनंतर मी "टाचेला औषध आणते" म्हणून सटकले आणि स्टँडजवळच्या रसवंतीत सुनेला गाठलं. आमचं दोघींचं कधी वाकडं नव्हतं. ती रसाचा ग्लास नुसता फिरवत बसली होती.

"आत्या, मे महिन्यात शाळा बंद आन् माजी शिफ्ट चालू," ती म्हणाली. "पोरीला कुठं ठिवू? तुमच्याकडं ठिवली असती. पण दादा ऐकायचा न्हाय. वकील त्यानंच दिलाय, त्याच्याम्होरं मला बोलता येत न्हाय."

तेव्हा मी तिला आमच्या वाटणीची गोष्ट सांगितली. जमिनीच्या वाटण्या झाल्या तेव्हा मला विहिरीकडचा तुकडा हवा होता. तर मी सगळ्यांसमोर डोळ्याला पदर लावला. "तेवढा खडकाळ तुकडा आमच्या गळ्यात मारू नका हो!" माझ्या धाकट्या जावेनं हट्टानं तोच आमच्या गळ्यात मारला. अजून ती जातायेता त्यातला ऊस बघते आणि कपाळाला हात लावते.

सून एवढी हसली की तिला ठसका लागला. "म्हंजी आता आपुन भांडायचं?"

"कडाक्याचं," मी म्हटलं. "पोरीला तेवढं आणू नको."

पुढच्या तारखेला कोर्टाच्या व्हरांड्यात मी पदर खोचला. गिरणीनं दिलेला आवाज त्या दिवशी कामी आला. "मी सांगून ठिवते, सुट्टीत पोरगी माझ्या गळ्यात मारायची न्हाय! माजं गुडघं गेल्यात. गिरणी बघू का तिला बघू? मला नको ती पोर!"

सूनही मग मागं राहिली नाही. "का नको? नात न्हाय का तुमची? मिरवायला पायजे आन् सांभाळायला नको व्हय?"

बाकीची केसवाली माणसं आपापली भांडणं विसरून आमचं बघायला लागली. सुनेच्या भावाच्या तोंडावर असा काही आनंद पसरला, की विचारू नका. "व्हय व्हय! आख्खा मे महिना आजीनंच सांभाळायची! दिवाळीचं चार दिस बी! लिहा वकीलसाहेब, लिहून घ्या!"

आणि आमचे हे? लग्न झाल्यापासून ज्यांनी माझ्या एका शब्दाला हो म्हटलं नाही, ते तावातावानं पुढं आले. "का नको गं? आपल्या रक्ताची हाय ती. ठिवायची म्हंजी ठिवायची! तुला कोण इचारतंय?"

दोन्ही बाजू कबूल! त्या भरात कपाटाचंही मिटलं. माझ्या मनात उकळ्या फुटत होत्या, आणि तोंड मात्र एरंडेल प्यायल्यासारखं करून मी उभी होते. तेवढ्यात मला सुनेच्या मागच्या बाकावर नात दिसली.

शेजारणीच्या घराला कुलूप होतं म्हणून सुनेला तिला आणावं लागलं, हे मला नंतर कळलं. पाण्याची बाटली मांडीवर घेऊन ती बसली होती. तिनं सगळं ऐकलं होतं. ती रडली नाही. माझ्याकडं एकदा बघितलं आणि बाटलीचं झाकण लावायला आणि काढायला लागली. मला धावत जाऊन तिला उचलावंसं वाटलं. पण मामा तिथंच उभा होता. मी एक पाऊल टाकलं असतं तर सगळं फिसकटलं असतं. मी तशीच उभी राहिले आणि आतून तुटत राहिले.

ठरल्याप्रमाणं कागद झाला, त्यावर सह्या झाल्या, कोर्टानं लावलेली मुदत सरली आणि निकाल लागला. मे महिन्यात सुनेनं पोरीला आणून सोडलं. कामावर जायचं म्हणून ती लगेच गेलीही. पोरगी दप्तर मांडीवर घेऊन बाहेरच्या ओट्यावर बसली.

"आत ये की गं," मी म्हटलं.

"कागदात लिवलंय म्हणून आलेय मी," ती म्हणाली. "तुला मी नको हाय, मला म्हाईत हाय."

मग तिच्याशेजारी बसून मी सगळं सांगितलं. वाटणी, विहिरीचा तुकडा, रसवंती, सगळं. तिनं ऐकून घेतलं आणि विचारलं, "नको म्हटल्यावर कोण कशाला देईल?"

तेवढ्यात हे बाजाराला निघाले, गाडीला किक मारत होते. मी ओरडले, "अवो, आइस्क्रीम आणू नका हां! पोरीचा घसा धरंल!"

गाडी बंद झाली. "का आणू नको? तू कोण मला सांगणार? आणणार म्हंजी आणणार!"

तासाभरानं हे भलामोठा डबा घेऊन आले आणि माझ्याकडं विजयी नजरेनं बघत तो पोरीपुढं ठेवला. तिनं डब्याकडं बघितलं, मग आबांकडं, मग माझ्याकडं. आइस्क्रीम खायला ती आत येऊन बसली आणि संध्याकाळपर्यंत गिरणीत पांढरी झाली. मला वाटलं, झालं, मिटलं.

महिना संपला तसा मामा तिला न्यायला आला. शाळा उघडायला अजून पंधरवडा होता, पण कागदात मे महिनाच लिहिलेला. मी आत चहा टाकला आणि ओट्यावरचं बोलणं माझ्या कानावर आलं.

"बरं झालं आलास मामा. आजी लई वैतागलीया. रोज म्हणती, ही बया कवा जाती आन् माजी कटकट कवा सुटती."

मी असं कधीच म्हटलं नव्हतं, देवाशप्पथ. म्हणजे पोरीनं आइस्क्रीम खाल्लं, माझ्या कुशीत झोपली, पण व्हरांड्यातलं ते बोलणं तिच्या मनातून गेलंच नाही. मी नको म्हटलं आणि तिनं ते खरं धरलं. चहा उतू गेला तरी मी बघत राहिले.

बाहेर मामा खदाखदा हसला. "असं म्हणती व्हय? मग शाळा उघडंस्तवर ऱ्हा हितंच! तुज्या आईला सांगतो मी. बघू किती वैतागती ते!"

मी उरलासुरला चहा नेऊन दिला. माझा चेहरा बघून तो अगदी तृप्त झाला. "आणखी पंधरा दिस सांभाळा आता, आजीबाई," म्हणाला, आणि गाडी काढून गेला.

मी आत येऊन चुलीपाशी बसले. पोरगी मागोमाग आली. मी तिला जवळ ओढलं आणि मला रडूच फुटलं. तिनं थोडा वेळ रडू दिलं, मग माझा खांदा हलवायला लागली.

"आज्जे, नंतर रड. आबा बाजाराला निघालेत. पटकन सांग त्यांना, आंबं अजिबात आणू नका म्हणून."