स्टेलाताईच्या गाडीखालचा पुठ्ठा

रस्त्याच्या कडेला बॉनेट उघडून उभी असलेली बाई तुम्ही कधी पाहिली आहे का? पाहिली असेल तर खरं सांगा, गाडी हळू करून तिला काय विचारलंत? "ताई, घरी कुणी गडीमाणूस नाही का?" हेच ना?

कोल्हारच्या स्टेलाताईला हा प्रश्न इतक्यांदा विचारला गेलाय की तिनं उत्तर तयारच ठेवलंय. "हाय की. घरी भांडी घासतोय." ऐकणारा हसतो, त्याला चेष्टा वाटते. चेष्टा कसली? दूध डेअरीतली सकाळची पाळी करून आला की तिचा नवरा रॉबिन खरंच भांडी घासतो, आणि चांगली घासतो.

स्टेलाताई दहावी पास. अकरावीचं कॉलेज लांब होतं आणि न्यायला कुणी नव्हतं, एवढ्या एका कारणावर तिची शाळा संपली. तो राग तिनं वीस-बावीस वर्षं जपून ठेवला. मग एक दिवस कुणालाही न विचारता दुसऱ्याची वापरून झालेली पांढरी डिझेल गाडी घेतली. तेव्हापासून एसटी जिथं फिरकत नाही त्या वस्त्यांवरच्या पाच पोरींना ती रोज कॉलेजला सोडते आणि घेऊन येते. आधी लोक हसले. मग त्याच लोकांनी आपापल्या पोरी गाडीत बसवल्या.

दिवाळी झाली आणि गाडी तेल गाळायला लागली.

रात्री गाडीखाली पुठ्ठा टाकायचा आणि सकाळी ओढून बघायचा. आधी रुपयाएवढा डाग, मग बशीएवढा, मग भाकरीएवढा. कानिफ मिस्तरीकडं नेली. त्यानं खाली वाकून तेल सोडायच्या नटाचं वायसर बदललं. डाग तसाच. पुन्हा नेली, तेव्हा इंजिनाखालच्या तेलाच्या चेंबरचं पॅकिंग बदललं. डाग वाढला. तिसऱ्यांदा कानिफ गाडीखाली गेलाच नाही. उभ्या उभ्या, विडीचा धूर सोडत म्हणाला, "मागचं सील गेलं, ताई. इंजिन उतरवावं लागंल."

"कशावरून?"

"अनुभवावरून."

"तुझ्या अनुभवानं वायसर घातलं, पॅकिंग घातलं, कानिफ. आता त्याला जरा घरी बसू दे."

दुकानापुढं चहा पीत बसलेल्या प्रत्येकाकडं सल्ला होता. एकानं जाड तेल घालायला सांगितलं, दुसऱ्यानं चेंबरला साबण चोळायला, तिसऱ्यानं गाडीच विकायला. वाकून बघायला मात्र एकही उठला नाही. वाकलं की पँट खराब होते ना!

पुढच्याच आठवड्यात, कॉलेजवरून परत येताना, तेलाचा लाल दिवा लागला आणि गाडी रस्त्यातच थांबवावी लागली. कुणीतरी दुचाकीवरून तेलाचा डबा आणून देईपर्यंत पोरी कडेला उभ्या. अंधारून आलं. येणारे-जाणारे टेम्पो हॉर्न मारत, माना काढून बघत गेले.

शनिवारी संध्याकाळी गोरक्ष दारात आला. त्याची संस्कृती बारावी सायन्सला, पाची पोरींत सगळ्यात हुशार. गोरक्ष माणूस वाईट नाही, पण वस्तीवर कुणी काही बोललं की तो रात्रभर झोपत नाही.

"ताई, तुमच्यावर भरोसा हाय. गाडीवर न्हाई," तो म्हणाला. "सोमवारी माज्या अंगनात गाडी हुबी ऱ्हायली आन् खाली थेंब दिसला, तर पोरगी घरी बसंल. बाकीचे बी माज्याकडंच बघत्यात."

"परीक्षा तोंडावर आलीय, भाऊ."

"लगीन बी आलंय तोंडावर. एक स्थळ सांगून आलंय."

स्टेलाताईनं दार इतक्या जोरात लावलं की भिंतीवरचं कॅलेंडर पडलं. "एका थेंबावर पोरीचं लग्न ठरवतोय! थेंबावर!" आतून रॉबिन म्हणाला, "स्टेला, मी म्हणत होतो, विकून टाक." त्यावर ती जे बोलली ते इथं लिहिण्यासारखं नाही.

रविवारी रॉबिन चर्चला निघाला. ताई निघाली नाही. जुनी साडी फाडून तिनं फडकी केली, टूथब्रश घेतला, वाटीत डिझेल घेतलं आणि बॉनेट उघडलं. तिचे वडील शांतवन गावभर घरांचे पत्रे ठोकायचे. लहानपणी ती खालून ओरडायची, "बाबा, इथं गळतंय!" आणि वडील वरून म्हणायचे, "पोरी, खालचा ओला ठिपका नको दाखवू. पाणी कुठून चालत आलं ते बघ." आतापर्यंत सगळ्यांनी गाडीचा ठिपकाच बघितला होता. तीही रोज पुठ्ठाच बघत बसली होती. याचाच तिला जास्त संताप आला.

वरपासून खालपर्यंत इंजिन घासून कोरडं केलं. मग घरातला टाल्कम पावडरचा डबा आणून सगळीकडं भुरभुरवला. काळं इंजिन लग्नातल्या करवलीसारखं पांढरं दिसायला लागलं. कुंपणावरून शेजारची केशरबाई बघत होती.

"अगं, गाडीला नटवतीस का काय?"

"नटवते. पाव्हणे बघायला येणारेत उद्या."

प्रवरेच्या पुलापर्यंत गाडी नेऊन आणली. बॉनेट उघडलं तर पांढऱ्यावर तेलाचे काळे ओघळ स्पष्ट. खालून एकही नाही. वरच्या झाकणाच्या कडेनं सगळीकडून तेल आलं होतं आणि तेल मोजायची पट्टी आपल्या नळीतून बोटभर वर उचलली गेली होती. इंजिन बंद करून तिनं तेल भरायचं झाकण फिरवलं. फुस्स! कुकरची शिट्टी उचलावी तशी आतली हवा बाहेर पडली.

गळत नव्हतं. आतून ढकलत होतं. मग आतली वाफ बाहेर जायची वाट कुठं गेली? वरच्या झाकणापासून एक रबरी नळी निघून खाली रस्त्याकडं तोंड करून सोडलेली होती. तिच्या टोकात ताई बोट घालायला गेली. बोट आत गेलं नाही. पकडीनं ओढलं, तेव्हा तेलानं काळं झालेलं मक्याचं बुरकुंड हातात आलं. दाणे काढल्यावर उरतं ते. चाकूनं तासून, मापात बसवलेलं. इतकं नीट तासणारा माणूस कोल्हारात एकच होता आणि तो आत्ता चर्चमध्ये गात होता.

रॉबिन आला तेव्हा ती पायरीवर बसली होती. बुरकुंड समोर ठेवलेलं.

"हे कुणाचं?"

रॉबिनचा चेहरा उजळला. "अगं, मीच लावलं! दिवाळीत अंगणातली फरशी पुसताना बघितलं, त्या नळीतून कधीमधी एखादा थेंब पडत होता. म्हटलं, तुला कशाला त्रास. बंद केलं."

"मला विचारलंस?"

"एवढ्याला काय विचारायचं?"

"एवढ्याला! या एवढ्यानं माझं इंजिन गुदमरलं, रॉबिन! त्याचा श्वास कोंडला, म्हणून ते सगळ्या अंगानं तेल ओकत होतं. वायसर गेलं, पॅकिंग गेलं, पोरी रस्त्यावर उभ्या राहिल्या, संस्कृतीचं लग्न ठरायला आलं. आणि तू मला गाडी विकायला सांगत होतास!"

 रॉबिननं शर्टाच्या बाह्या सरसावून टॉर्च धरला. ताईनं वरच्या झाकणाचं पॅकिंग बदललं. टॉर्च धरून तो एकदाच बोलला, "जरा डावीकडं..." तिनं नुसतं बघितलं. त्यानं टॉर्च सरळ धरला.

सोमवारी गाडी गोरक्षच्या अंगणात उभी राहिली. ताईनं स्वतःच पुठ्ठा काढून गाडीखाली सरकवला आणि म्हणाली, "चहा टाका. तोवर इंजिन चालू ठेवते." चहा झाला. गोरक्ष वाकला, पुठ्ठा ओढला, उलटापालटा केला, बोट फिरवून वास घेतला. कोरडा. संस्कृती दप्तर घेऊन कधीच मागं बसली होती.

"बरं हाय," गोरक्ष म्हणाला. "पन ताई, मी काय म्हनतो, हार्न जरा घोगरा..."

गाडी निघाली होती.

तेव्हा एवढंच करा. पुढच्या वेळी बॉनेट उघडून उभी असलेली बाई दिसली तर थांबा, टॉर्च असेल तर धरा, आणि तोंड बंद ठेवा. तेवढं जमत नसेल तर सरळ पुढं जा.