मास्तरांच्या मिशीचा किस्सा

पौडच्या नाक्यावर माझं पत्र्याचं सलून होतं, तेव्हा मी दोन धंदे करायचो आणि दोन्ही अर्धवट. एरवी लोकांच्या दाढ्या करायचो, लगीनसराई लागली की बँडमध्ये मोठा बाजा फुंकायचो. खरं तर तिसराही एक उद्योग होता, बोलण्याचा. त्यात मात्र मी तरबेज. गिऱ्हाइकाच्या गळ्याला फडकं बांधलं, गालाला फेस लावला की त्याला ‘हं’ म्हणण्यापलीकडे काही करता येत नाही. असा श्रोता कीर्तनकारालासुद्धा मिळत नसेल.

बँडचे मास्तर कासार आंबोलीचे. ट्रंपेट वाजवायचे. अंगानं काटकुळे, पण मिशी अशी की आधी मिशी आत यायची, मागून मास्तर. त्यांनी वरचा सूर लावला की नवऱ्याची घोडी कान उभे करायची.

बँडमधल्या माझ्या पहिल्याच लग्नात मी सकाळी स्वतःची तुळतुळीत दाढी करून गेलो होतो. नवरा कोण आणि बाजावाला कोण असा लोकांना प्रश्न पडावा, इतकी. तासाभरात घाम, थुंकी आणि पितळ यांनी मिळून ओठाच्या कडेची अशी आग केली की मी वाजवलं कमी आणि कळवळलो जास्त. मास्तरांनी बाजूला घेतलं.

“लेका, दाढी आदल्या दिशी करायची. ताजं कातडं पितळंखाली ठरत न्हाई, घसरतंय. आन दोन दिसाचं खुंटबी नको, टोचतंय. न्हावी कोन हाय, तू का मी?”

त्यांची स्वतःची मिशी मी दर पंधरवड्याला कातरायचो. फक्त कडा. नाकाखाली मधोमध केसांना एक बसका खळगा पडला होता, वापरून वापरून सायकलच्या सीटला पडतो तसा. ट्रंपेटची तोंडाला लावायची पितळी वाटी बरोबर तिथं बसायची. खुर्चीत बसले की ते दोन बोटं त्यावर ठेवून सांगायचे, “हितं हात लावायचा न्हाई. ही जागा बाजाची हाय.” मग डोळे मिटायचे आणि झोपायचे. माझ्या हातावर भरवसा ठेवून दुकानात झोपणारा तो एकच माणूस.

एकदा वैशाखात सूसला एक लग्न झालं आणि दुसऱ्याच दिवशी संध्याकाळी मुळशीला दुसरं होतं. त्या दिवशी सकाळी मास्तर आले, म्हणाले, “दाढी नको. कडा तेवढ्या कातर,” आणि डोळे मिटले. दुकानात चारजण बसले होते. मी त्यांना सूसचा नवरा घोडीवरून कसा घसरला ते सांगत होतो. नुसतं सांगत नव्हतो, करून दाखवत होतो. नवरा घसरला, तसा माझा हातही घसरला. हातात कात्री होती.

डावी कड पाऊण बोट गेली.

शहाण्यानं तिथंच थांबून माणसाला उठवलं असतं. मी उजवी बारीक केली. ती जास्त झाली, म्हणून पुन्हा डावी. बाकावरची मंडळी तोंडाला पंचा लावून खिदळत होती आणि मी त्यांच्याकडे बघून भुवया उडवत होतो. शेवटी नाकाखाली माशी बसावी एवढा ठिपका राहिला. मला वाटलं, यापेक्षा काहीच नसलेलं बरं. फेस लावला. मास्तर झोपेतच पुटपुटले, “काय करतुयास?”

“कडंचं साफ करतोय, मास्तर.”

“हं,” म्हणाले आणि मान पुन्हा माझ्या हातात सैल सोडली.

वस्तरा फिरला तेव्हा हसणं थांबलं. नाकपुडीपासून ओठापर्यंत एक पांढरी, ओबडधोबड शिवण होती. मास्तरांनी डोळे उघडले आणि आरशात बघितलं. मी पाय धरायच्या बेतात होतो. ते ओरडले असते तर बरं झालं असतं.

“वरातीत नाचणाऱ्या एकाचं कोपर बसलं व्हतं बाजावर. लई वरसं झाली,” ते म्हणाले. “वाटी ओठात घुसली. म्होरचा दात तवापासनं हालतोय. मिशी वाटी धरून ठिवायची, म्हून जोर दातावर येत न्हवता.” त्यांनी शिवणीवरून बोट फिरवलं. “चल, आवर. यष्टी चुकंल.”

“मास्तर, आज तुमी नका वाजवू.”

“मग कोन, तू?”

ट्रंपेट दुसऱ्या कुणालाच येत नव्हता.

मुळशीला उन्हं उतरायच्या आधीच वरात निघाली. मी मास्तरांच्या डाव्या हाताला होतो. पहिल्या वळणापर्यंत ठीक चाललं. मग घाम आला आणि वाटी सरकायला लागली. ते रुमालानं ओठ पुसायचे, वाटी बसवायचे, चार सूर निघायचे, पुन्हा घसरायची. “मास्तर, मिशी न्हानीत इसरला काय?” कुणीतरी ओरडलं आणि अख्खी वरात हसली. मास्तरांनी ट्रंपेट दोन्ही हातांनी तोंडावर दाबला. मारुतीच्या देवळापुढं वरचा सूर घ्यायचा असतो. त्यांनी तो घेतला आणि मधेच तो फाटला, धोतर फाटावं तसा. ते खाली वाकले, रुमालात काहीतरी थुंकले, रुमाल खिशात घातला आणि मांडवापर्यंत वाजवत गेले. त्याला वाजवणं म्हणायचं असेल तर.

हापशावर चूळ भरली तेव्हा पाणी लाल झालं. बँडवाले भोवती जमले. मास्तरांनी एकदाच माझ्याकडे बघितलं आणि सगळ्यांना सांगितलं, “काल सूसवरनं येताना धाब्यावर मटान खाल्लं. हाडूक लागलं. तवाच हालला व्हता.”

“आन मिशी वो?”

“उकडत व्हतं.”

“या वयात हाडूक कशाला फोडायचं, मास्तर!” ढोलवाला म्हणाला. सगळे हसले. मीही हसलो. सगळ्यांत मोठ्यानं.

आषाढापर्यंत मिशी पुन्हा आली, पहिल्यासारखी दाट. पण तिच्यात खळगा नव्हता आणि खाली दात नव्हता. मास्तर पुण्याला जाऊन खोटा दात बसवून आले. ओठ वाटीवर टेकला की दात मागं सरायचा आणि फुस्स करून नुसती हवा निघायची. पुढच्या सराईत ट्रंपेटला भोरकडचा एकजण आणला. मास्तरांनी बँड सोडला नाही. ते शेवटच्या रांगेत खुळखुळे हलवायला लागले. ज्याला काहीच वाजवता येत नाही, फक्त गणवेश अंगाला बसतो, त्याच्या हातात खुळखुळे देतात.

आणि मी काय केलं? मी किस्सा केला. मिशी कशी आखडत गेली, माशीएवढी कशी राहिली, हे मी दुकानात सांगायला लागलो. दर खेपेला थोडा सुधारायचा. दोन वर्षांत तो इतका घोटीव झाला की लोक दाढी नसतानाही ऐकायला यायचे. आरशातल्या मास्तरांपर्यंत आलो की मी थांबायचो. तिथंच हशा पडायचा. दात मी गाळला होता.

एकदा धरणावर नवीन लागलेला एक कामगार खुर्चीत होता. मी माशीपर्यंत आलो, तो फेसासकट हसला, मी नेहमीप्रमाणे दाद घ्यायला आरशात बघितलं. मागं बाकावर मास्तर बसले होते. कधी आले, कुठपासून ऐकत होते, कुणास ठाऊक. मी किस्सा तिथंच सोडला आणि कामगाराची उरलेली दाढी उरकली.

मास्तर खुर्चीत बसले. या वेळी डोळे मिटले नाहीत.

“कडा?” मी विचारलं.

“समदी काढ.”

“मास्तर…”

“बाजाची जागा व्हती ती. बाजा हाय का आता?”

मी फेस लावला. कामगार पैसे देऊन निघाला होता, मास्तरांनी त्याला हातानं थांबवलं. “बस, पाव्हनं. गोष्ट अर्धी ऱ्हायलीय.” मग आरशात माझ्याकडे बघून, “सांग त्यास्नी फुडचं. हात चालू दे तुजा.”

मी सांगितलं. मुळशीची वरात सांगितली, देवळापुढचा सूर सांगितला, रुमाल सांगितला. माझा वस्तरा त्या शिवणीवरून जात होता. दुकानात कुणी हसलं नाही. संपलं असं समजून मी वस्तरा पुसायला घेतला.

“हाडकाचं ऱ्हायलं,” मास्तर म्हणाले.

मग मी हाडकाचं सांगितलं. ते माझ्यासाठी खोटं बोलले, आणि मी हसलो, हेही सांगितलं.

मास्तर उठले, फडकं त्यांनीच सोडलं, घडी करून खुर्चीच्या हातावर ठेवलं आणि उघड्या ओठानं बाहेर उन्हात गेले. नंतर ते दाढीसाठी खाली बाजारातल्या दुकानात जायचे. माझ्या दारावरून जाताना दिसायचे. मिशी त्यांनी पुन्हा राखली नाही.