सांगाड्याला कुंकू

हिंगोलीत दसऱ्याच्या प्रदर्शनात एक तरुण टॅरोचे चित्रांचे पत्ते काढून भविष्य सांगायचा. मागे पाटी होती, ‘इजिप्तची पाच हजार वर्षांची विद्या’. गड्डीला मात्र अजून नव्या प्लास्टिकचा वास यायचा. पत्ते पिसण्याआधी तो त्यांना उदबत्ती ओवाळी, त्यामुळे लोक चपला काढूनच समोर बसत.

त्या संध्याकाळी शिरड शहापूरची एक बाई बसली होती, तिच्या शेजारी मी. तिचा मुलगा सकाळी नोकरीसाठी पुण्याला निघणार होता. पत्त्यात नेमका सांगाडा निघाला.

“आता न्हाई पाठवत पोराला,” ती पांढरी पडून म्हणाली.

“मावशी, हे मरण न्हाई, बदल हाय. जाऊ द्या लेकराला.”

तिनं सांगाड्याला कुंकू लावलं आणि हसत गेली.

मी लगेच माझं पांडित्य उघडलं. “अहो, हा इटलीतल्या सरदारांचा पत्त्यांचा खेळ. इजिप्त तर फ्रेंच विद्वानांनी तीनेकशे वर्षांनी चिकटवलं.”

“ठाऊक हाय, काका. पण खेळ म्हणलं असतं, तर मावशीनं माझं काहून ऐकलं असतं?”

मी विजयी मुद्रेनं उठलो आणि बाहेर येऊन माझ्या चपला शोधू लागलो.